बाकांच्या क्रमाने लिहिलेले गाव

इ. स. १७०१ च्या सुमारास इंग्लंडच्या श्रॉपशायर परगण्यातल्या मिडल नावाच्या खेड्यात एक पासष्टी ओलांडलेला शेतकरी आपल्या गावाची हकीकत लिहायला बसला. रिचर्ड गॉफ हे त्याचे नाव. घरची जमीन होती, खाऊनपिऊन सुखी होता. लॅटिन येत होते. तरुणपणी एका जमीनदाराकडे कारकुनी केल्यामुळे कायद्याची कलमे आणि दस्तऐवजांची भाषाही त्याला ठाऊक होती. पण तो विद्यापीठातला पंडित नव्हता, पाद्री नव्हता आणि सरकारी अंमलदारही नव्हता. आदल्या वर्षी त्याने त्या काळच्या रीतीप्रमाणे गावाचा एक इतिहास लिहून काढला होता. शिवेच्या खुणा, जमीनदारांच्या पिढ्या, जुनी गढी, एकामागून एक आलेले रेक्टर, असा सगळा मजकूर त्यात होता. असे इतिहास तेव्हा इंग्लंडभर लिहिले जात.

त्यानंतर मात्र त्याने निराळीच गोष्ट केली. गावच्या चर्चमधल्या बाकांचा नकाशा समोर ठेवला आणि एकेका बाकावर कोणत्या घरची माणसे बसतात, त्यांच्या आधी कोण बसत होते, त्यांचे पुढे काय झाले, हे बाकांच्या क्रमाने लिहायला सुरुवात केली. कोणी शेत राखले, कोणी दारूत घालवले, कोणाची मुलगी कोणाकडे दिली, कोण कर्ज बुडवून परागंदा झाला, कोण कोंबड्या चोरायचा, हे सारे त्यात आले. तीनशे वर्षांपूर्वीच्या इंग्लिश खेड्यातली साधी माणसे इतक्या जवळून दाखवणारे दुसरे पुस्तक सापडणे कठीण. अभ्यासक ते आजही वाचतात ते याच कारणाने.

गॉफने बाकच का धरले, हे समजायचे तर त्या बाकांना गावात काय अर्थ होता ते आधी पाहिले पाहिजे. चर्चमधले लाकडी फळ्यांनी वेढलेले बाक, ज्याला ‘प्यू’ म्हणत, हे वाटेल त्याने येऊन बसण्याचे आसन नव्हते. ते घराला आणि जमिनीला जोडलेले असे. घर विकले की बाक नव्या मालकाकडे जाई. पुढच्या रांगा जमीनदारांच्या, मधल्या स्वतःच्या किंवा खंडाच्या जमिनी कसणाऱ्यांच्या, आणि झोपडीत राहणाऱ्या मजुरांच्या जागा मागे, कडेला. दर रविवारी सगळे गाव एका छताखाली आपापल्या पायरीप्रमाणे बसलेले दिसे. आपल्याकडे पोळ्याला कोणाचा बैल पुढे, होळीला पहिली पोळी कोणाची, पालखीला खांदा कोणाचा, यावरून जसे गावाचे मानपान कळत, तसेच हे. त्यावरून भांडणेही तशीच होत. खालच्या पायरीचे तरुण वडीलधाऱ्यांच्या वरच्या जागी घुसतात याचा गॉफला राग होता. पुढेमागे जागांवरून तंटा झालाच, तर कोणते बाक कोणत्या घराचे हे कागदावर असावे, हा त्याचा एक व्यवहारी हेतू होता. म्हणजे सुरुवात हक्कनोंदीसारखी झाली. मग त्या हक्कनोंदीत माणसे शिरली.

गावाची आठवण चर्चपाशीच का साठली, या प्रश्नाचे ‘लोक धार्मिक होते’ हे उत्तर अपुरे आहे. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतले गाव किंवा गावांचा गट. सोळाव्या-सतराव्या शतकांत इंग्लंडमध्ये असे सुमारे नऊ-दहा हजार पॅरिश होते, आणि राज्यकारभाराचे सर्वांत खालचे चाक तेच होते. गावचे रस्ते दुरुस्त करण्याची जबाबदारी १५५५ च्या कायद्याने पॅरिशवर टाकली. गावकऱ्यांनी वर्षातून चार दिवस, पुढे सहा दिवस, रस्त्यावर बिनमजुरीचे काम करायचे. १६०१ च्या कायद्याने गरिबांच्या पोटाची सोयही पॅरिशकडे आली. त्यासाठी दरवर्षी गावातलेच पंच नेमले जात आणि घरटी पट्टी बसवली जाई. १६६२ च्या कायद्यानंतर तर नव्याने आलेला गरीब माणूस पुढे आपल्या डोक्यावर बसेल असे वाटले, तर पॅरिश त्याला चाळीस दिवसांच्या आत मूळ गावी परत पाठवण्याची मागणी करू शके. मग तो नेमका कोणत्या पॅरिशचा, यावर दोन पॅरिशांमध्ये खटले चालत. मिडलने लढवलेल्या अशा खटल्यांची हकीकत गॉफने आपल्या पुस्तकाच्या शेवटी जोडली आहे. तेव्हा कोणाचा जन्म कुठे झाला, कोण कोणाकडे किती वर्षे चाकरीला होता, कोणाचे लग्न कोणत्या चर्चमध्ये लागले, या आठवणींना रोख पैशांची किंमत होती. चर्च हे देऊळ होते, तशीच ती गावची चावडी होती आणि दप्तरखानाही तोच.

या दप्तराची सुरुवात कशी झाली ते मोठे उद्बोधक आहे. आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने सप्टेंबर १५३८ मध्ये एक फर्मान काढले. प्रत्येक पॅरिशने एक वही ठेवावी आणि आठवड्यातली लग्ने, बाप्तिस्मे व दफने रविवारी चर्चवॉर्डनांसमक्ष तीत लिहावीत. वही दोन कुलपांच्या पेटीत राहावी, एक किल्ली पाद्र्याकडे आणि दुसरी चर्चवॉर्डनांकडे. लोकांना वाटले की हा नव्या कराचा घाट आहे. तेव्हा कर आला नाही. पण १६९५ पासून काही वर्षे जन्म, लग्न आणि मृत्यूवर खरोखरच कर बसला, आणि १७८३ मध्ये नोंदवहीतल्या प्रत्येक नोंदीमागे तीन पेन्सचा मुद्रांक लागला. शंका अगदीच निराधार नव्हती.

सुरुवातीच्या बऱ्याच वह्या साध्या कागदाच्या होत्या आणि त्या विरत चालल्या. म्हणून १५९८ मध्ये हुकूम सुटला की जुन्या नोंदी चामड्याच्या पानांवर उतरवून घ्याव्यात, विशेषतः एलिझाबेथ राणीच्या कारकिर्दीपासूनच्या. तिची कारकीर्द सुरू झाली १५५८ मध्ये. ‘विशेषतः’ या शब्दाचा सोयीचा अर्थ घेऊन अनेक गावांनी नक्कल तिथूनच केली. परिणामी त्या गावांची पहिली वीस वर्षे कायमची गेली. ती वर्षे आगीत जळली नाहीत की पुरात वाहून गेली नाहीत. नक्कल करणाऱ्याने आपले कष्ट वाचवले, एवढेच झाले. दप्तराचा इतिहास लिहिताना आपण युद्धे आणि आगी मोजतो. कंटाळलेल्या कारकुनांची मोजदाद कोणी करत नाही.

जे टिकले त्याचे मोल फार मोठे आहे. या वह्यांवरून इंग्लंडची लोकसंख्या, लग्नाचे वय, बालमृत्यू यांचा अभ्यास झाला आहे. पण एका माणसाचा विचार केला तर वही काय सांगते? बाप्तिस्म्याची तारीख, लग्नाची तारीख, पुरल्याची तारीख. मधले आयुष्य कोरे. गरिबांबाबत तर नोंद करण्याची रीतही जाचक होती. १६९७ च्या कायद्याने पॅरिशकडून मदत घेणाऱ्याने उजव्या बाहीवर खांद्यापाशी लाल किंवा निळ्या कापडाचे अक्षर शिवून घ्यायचे होते. गरीब या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचे आद्याक्षर आणि शेजारी पॅरिशचे आद्याक्षर. म्हणजे गावाने माणसाला पोसायचे, पण त्याच्या अंगावर स्वतःचा शिक्का मारून.

हा कायदा होऊन चारच वर्षे झाली होती, तेव्हा गॉफ बाकांवर बसणाऱ्या माणसांविषयी लिहू लागला. नोंदवही आणि त्याचे पुस्तक शेजारी ठेवून वाचले म्हणजे फरक ध्यानात येतो. जॉन अ‍ॅस्टन नावाच्या एका माणसाची हकीकत घ्या. हा जरा भोळसट, कामचुकार आणि कोंबड्या चोरण्यात पटाईत. बरेच दिवस गावाने सोसले आणि शेवटी त्याला धरून न्यायालयात उभे केले. आरोप चोवीस कोंबड्या-कोंबडे चोरल्याचा. त्या वेळी बारा पेन्सांहून अधिक किमतीच्या चोरीला फाशी होऊ शकत होती. पंच अ‍ॅस्टनला ओळखून होते. त्यांनी त्याला दोषी ठरवले, पण चोरीच्या मालाची किंमत लावली अकरा पेन्स. न्यायाधीशाला हसू आवरेना. या मुलखात कोंबड्या इतक्या स्वस्त आहेत हे ऐकून आनंद झाला, असे काहीतरी तो म्हणाला. अ‍ॅस्टन फटक्यांवर सुटला. गॉफ लिहितो की त्यानंतर तो अधिक सावध झाला, पण सवय काही पुरती गेली नाही. कायद्याची निर्दयता आणि तिच्यातून वाट काढणारी शेजाऱ्यांची समजूत, दोन्ही या एका गोष्टीत दिसतात. ‘अकरा पेन्स’ हा आकडा न्यायालयाच्या कागदावरही सापडेल. त्यामागचे हसू सापडणार नाही.

दुसरी गोष्ट रीस वेनलॉकची. हा लोकांच्या कुंपणाची लाकडे उपटून आपल्या भट्टीत जाळायचा. एका शेजाऱ्याच्या गड्याने एका लाकडाला भोक पाडले, आत बंदुकीची दारू ठासली, भोक बुजवले आणि ते लाकूड चोराच्या वाटेवर ठेवून दिले. भट्टीचा माथा उडाला आणि घराच्या टोकाला आग लागली. शेजारधर्माची ही दुसरी बाजूही गॉफ लपवत नाही. दारूच्या गुत्त्यात शेते बुडवणारी जोडपी, नवऱ्यावर विषप्रयोग करणाऱ्या बायका, सावकाराच्या भीतीने पळालेले कुळवाडी, अशी माणसे त्याने रांगेने मांडली आहेत. निवाडा तो झटकन देतो, पण नुसता निवाडा देऊन थांबत नाही. अमका आळशी होता असे म्हणतो आणि लगेच त्याची आई कोण, आजा कसा होता, घर कधी हातचे गेले, हेही सांगतो. माणसाचा दोष घराच्या गोष्टीत ठेवला की त्याला एक कारण मिळते. ही समज त्याला बाकांच्या क्रमाने दिली असावी, कारण बाक एका माणसाचे नव्हते, पिढ्यांचे होते.

गॉफच्या पुस्तकाचा सर्वांत हलवून सोडणारा भाग इंग्लंडच्या यादवी युद्धाचा आहे. १६४२ मध्ये राजा पहिला चार्ल्स आणि पार्लमेंट यांच्यात युद्ध पेटले तेव्हा गॉफ सात वर्षांचा होता. राजाच्या बाजूच्या सरदाराने सोळा ते साठ वयाच्या पुरुषांना मिडलच्या टेकडीवर बोलावले. तिथे जमलेली मोठी गर्दी त्याने पाहिली. हातात कागद घेऊन उभा असलेला माणूस राजाची चाकरी करणाऱ्याला आठवड्याला चौदा ग्रोट, म्हणजे छप्पन्न पेन्स, देऊ करत होता. शेतमजुराला हा पगार भुरळ घालणारा होता. पुढे गावात एक चकमक झाली आणि राजाच्या फौजेतल्या एका अधिकाऱ्याला गोळी लागली. त्याला लोहाराच्या घरात बिछान्यावर निजवले. प्रार्थनेसाठी पाद्र्याला बोलावणे आले, त्याच्यामागे शाळकरी गॉफ गेला. जमिनीवरून ओघळणारे रक्त त्याने पाहिले. जवळजवळ साठ वर्षांनी लिहिताना ते रक्त त्याच्या डोळ्यांपुढे तसेच होते.

नंतर तो हिशेब मांडतो. मिडल, मार्टन आणि न्यूटन या तीन वस्त्यांतून वीस माणसे राजाच्या बाजूने लढायला गेली. त्यातली तेरा मेली. एवढ्याशा तीन वस्त्यांतून जर इतके गेले, तर साऱ्या इंग्लंडात किती हजार गेले असतील, असा प्रश्न तो विचारतो. ही माणसे कोण होती तेही सांगतो. एक त्याच्या वडिलांकडचा गडी. एक खाणावळवाल्याचा भाऊ. एक लोहाराच्या भावाचा अनौरस मुलगा, रिचर्ड चॅलोनर. त्याचे पालनपोषण काही अंशी पॅरिशच्या पैशांवर झालेले. अंगाने थोराड झाल्यावर तो श्रूझबरीला जाऊन फौजेत भरती झाला, २३ ऑक्टोबर १६४२ च्या एजहिलच्या लढाईत गेला आणि पुन्हा त्याची खबर आली नाही. आणि एक शिंपी. तो या घरातून त्या घरात कामासाठी हिंडायचा, स्वतःचे राहते घर त्याला नव्हते. तोही गेला आणि परतला नाही.

या शिंप्यापाशी क्षणभर थांबले पाहिजे. ज्याला घर नाही त्याला बाक नाही. बाकांच्या क्रमाने लिहिलेल्या पुस्तकात त्याला खरे तर जागाच नव्हती. मृत्यू दूर कुठेतरी झाला, तेव्हा गावच्या दफन-वहीतही तो येणार नाही. मागे जमीन नाही, म्हणून खरेदीखत नाही, मृत्युपत्र नाही. तो वाचला तो केवळ एका म्हाताऱ्या शेजाऱ्याने मेलेल्यांची यादी करताना त्याला गाळले नाही म्हणून. गॉफने त्याला ‘आळशी’ म्हटले आहे. पण मोजताना तेरा मोजले, बारा नाहीत. मिडलजवळच्या एका टेकडीत ‘भुताचे बीळ’ म्हणून ओळखली जाणारी कपार होती. कोणा फार्डो नावाच्या माणसाने तिला दगडी धुराडे बांधून तिचे घर केले, हीसुद्धा नोंद त्याने ठेवली. बाकांची चौकट घर असलेल्यांसाठी होती. चौकटीबाहेरच्यांना आत घेतले ते लिहिणाऱ्याने.

गॉफच्या आधी दीडशे वर्षे, मिडलपासून दक्षिणेला सुमारे दोनशे किलोमीटरवर, डेव्हन परगण्यात आणखी एका गावाने आपली आठवण ठेवली होती. तीही चर्चमध्येच, पण अगदी वेगळ्या कागदावर. मोरबाथ हे एक्समूरच्या माळरानाच्या कडेचे, मेंढरांवर जगणारे गाव. घरे तेहतीस. १५२० मध्ये ख्रिस्तोफर ट्रिकी हा पाद्री तिथे आला आणि १५७४ मध्ये मरेपर्यंत तिथेच राहिला. चर्चच्या जमाखर्चाच्या वह्या तो स्वतः लिहायचा आणि वर्षाच्या शेवटी गावापुढे मोठ्याने वाचून दाखवायचा. त्यामुळे त्या हिशेबांना बोलण्याची लय आहे. आयर्लंडमध्ये जन्मलेले इतिहासकार एमन डफी यांनी २००१ मध्ये या वह्यांवर एक गाजलेले पुस्तक लिहिले, आणि मोरबाथ जगाला माहीत झाले.

या गावात प्रत्येक संताच्या मूर्तीपुढचा दिवा तेवत ठेवण्यासाठी वेगळा निधी असे, आणि तो निधी म्हणजे बहुधा मेंढरे. संताची मेंढरे गावकऱ्यांच्या कळपांत चरत, लोकर विकून आलेला पैसा दिव्याला. तरुण मुलांचा एक निधी, मुलींचा वेगळा, आणि त्यांचे कारभारी त्यांच्यातलेच. कोणाकडे कोणत्या संताची मेंढी आहे, कोणती मेली, कोणतीला कोकरू झाले, हे गावापुढे वाचले जाई. ट्रिकीने सिडवेल या संत स्त्रीची मूर्ती चर्चमध्ये आणली. तिचा जिव्हाळा असा वाढला की गावातल्या मुलींना तिचे नाव ठेवू लागले. मृतांसाठीच्या प्रार्थनेला काळी वस्त्रे हवीत म्हणून त्याने सुमारे वीस वर्षे थोडे थोडे पैसे साठवले आणि १५४७ मध्ये ती आणली.

पण तोवर धर्मच बदलत चालला होता. ज्या १५३८ च्या फर्मानाने जन्ममृत्यूची वही सुरू केली, त्याच फर्मानाने संतांच्या मूर्तींपुढचे दिवे विझवायला सांगितले होते. एकाच कागदाने गावाची एक आठवण सुरू केली आणि दुसरी बंद केली. दिवे गेले, मग दिव्यांसाठीची मेंढरे विकली गेली, मग मुलामुलींचे निधी गेले. सहाव्या एडवर्डच्या कारकिर्दीत मूर्ती काढल्या, वस्त्रे जप्त होऊ लागली. १५४९ मध्ये लॅटिन विधीऐवजी इंग्रजी प्रार्थनापुस्तक सक्तीचे झाले तेव्हा डेव्हन आणि कॉर्नवॉलमध्ये बंड झाले. मोरबाथच्या जमाखर्चात एक नोंद आहे. एक्सेटर शहराबाहेर बंडखोरांच्या छावणीत गेलेल्या पाच तरुणांना वाटखर्च दिल्याची. राजद्रोहाचा खर्च गावाने निमूटपणे वहीत टाकला, संताच्या मेंढीचा टाकावा तसा. बंड चिरडले गेले. त्या पाचांपैकी काहींची नावे पुढच्या हिशेबांत दिसत नाहीत.

चार वर्षांनी मेरी राणी गादीवर आली, जुना धर्म परतला, आणि मोरबाथच्या घराघरांतून वस्तू बाहेर निघू लागल्या. कोणी मूर्तीचा तुकडा दडवला होता, कोणी वस्त्र, कोणी पडदा. ट्रिकीने त्या कोणी आणून दिल्या हे कौतुकाने लिहिले. एलिझाबेथच्या राज्यात पुन्हा सगळे उलटले, तरी तो त्याच गावात राहिला आणि नव्या धर्माचे हिशेब त्याच हाताने लिहीत राहिला. त्याला संधिसाधू म्हणावे की गाव सोडायला तयार नसलेला माणूस, हा प्रश्न वाचकाने आपल्या मनाशी सोडवावा. मला एवढेच दिसते की गाव काय करत होते याची आठवण जपली जमाखर्चाने. माणसे कशी होती हे मात्र त्या जमाखर्चाच्या फटींतून डोकावून पाहावे लागते. गॉफकडे ती समोर येऊन बसतात.

आता काळ विसाव्या शतकाचा. विल्टशायरमधल्या सॉल्सबरी माळावर इंबर नावाचे गाव होते. भोवतालची जमीन लष्कराने आधीच विकत घेतली होती. १ नोव्हेंबर १९४३ रोजी गावकऱ्यांना शाळेत बोलावून सांगितले की सत्तेचाळीस दिवसांत गाव रिकामे करा, अमेरिकी सैनिकांना गल्लीबोळांतल्या लढाईचा सराव करायचा आहे. सुमारे दीडशे माणसे नाताळच्या तोंडावर बाहेर पडली. युद्ध संपल्यावर परत येता येईल, अशी त्यांची समजूत होती. तसे झाले नाही. गावचा लोहार जाण्याच्या दुःखाने ऐरणीवर डोके टेकून रडला, काही आठवड्यांतच वारला आणि पुरायला मात्र इंबरलाच आणला, असे आजही सांगतात. त्याच महिन्यात डॉर्सेटमधले टायनम गावही रिकामे झाले. जाताना तिथल्या कोणीतरी चर्चच्या दारावर चिठ्ठी लावली. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली घरे सोडून चाललो आहोत, चर्च आणि घरे जपून वापरा, आम्ही एक दिवस परत येऊ, अशा आशयाची. तीही माणसे परतली नाहीत.

इंबरची बहुतेक घरे गोळीबाराने आणि काळाने पडली. संत जाइल्सचे चर्च तेवढे उभे राहिले. आतले बरेच सामान इतरत्र हलवले गेले. मनोऱ्यात घंटा वाजवणाऱ्यांच्या सोयीसाठी सतराव्या शतकात भिंतीवर रंगवलेले आकडे आहेत, कोणती घंटा कधी ओढायची ते सांगणारे. वर्षातून मोजकेच दिवस लष्कर रस्ता उघडते आणि संताच्या दिवसाच्या आसपास, सप्टेंबरच्या सुरुवातीला, तिथे प्रार्थना होते. गाव सोडलेली माणसे, मग त्यांची मुले, मग नातवंडे येत राहिली. जन्ममृत्यूच्या वह्या असतात, इमारतही आहे. पण कोण कुठे बसायचे आणि कोणाचे कोणाशी पटत नसे, हे सांगणारा शेजारी दरवर्षी कमी होत जातो. मिडलचे तसे नाही. तिथले बाकावरचे शेवटचे माणूस जाऊन तीनशे वर्षे झाली, तरी रीस वेनलॉकची भट्टी अजून उडते.

आपल्याकडे हा प्रश्न परका नाही. उजनीचे पाणी उन्हाळ्यात ओसरले की पळसदेवचे जुने पळसनाथाचे देऊळ वर येते आणि लोक ते पाहायला जातात. देवळाचे फोटो निघतात. त्या देवळाच्या पायरीवर कोण बसायचे, पारावर कोणाचा शब्द चालायचा आणि कोणाला पायरीच्या खालीच उभे राहावे लागायचे, हे किती जणांनी लिहून ठेवले? गावगाड्याचा विचार आपल्याकडे झालेला नाही असे नाही. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ‘गावगाडा’ लिहून पाटील, कुलकर्णी, बलुतेदार, फिरस्ते यांचे परस्परसंबंध जसे उलगडून दाखवले, त्याला तोड नाही. पण आत्र्यांचा विषय गावगाडा हा होता, एक विशिष्ट गाव नव्हे. त्यात लोहार आहे, सुतार आहे. पलीकडच्या आळीतला अमुक एक लोहार, ज्याची बायको माहेरी निघून गेली आणि ज्याने पाटलाचा फाळ मुद्दाम बोथट ठेवला, तो त्यात यायचा नव्हता. ते काम त्याच्या शेजाऱ्याचे.

गॉफ १७२३ मध्ये वारला. त्याचे हस्तलिखित छापायला १८३४ साल उजाडले आणि तेही अपुरेच छापले गेले. पूर्ण पुस्तक निघाले १८७५ मध्ये. म्हणजे लिहिणाऱ्याला छापील पान पाहायला मिळाले नाही, आणि ज्यांच्यावर लिहिले त्यांच्या नातवंडांनाही नाही. तरी त्याने काम नेटाने पुरे केले. त्याच्याजवळ असलेली साधने आजच्या कोणत्याही गावातल्या कोणत्याही म्हाताऱ्याजवळ आहेत. चांगली स्मरणशक्ती, घरांचा क्रम आणि थोडा कागद. गल्लीच्या एका टोकापासून सुरुवात करून घरामागून घर लिहीत गेले तरी पुरे. फक्त शेवटच्या घरापाशी पोचल्यावर लेखणी लगेच खाली ठेवू नये. त्या घरांतून काम मागत हिंडणारा एखादा शिंपी राहिला असेल, त्याचीही ओळ लिहावी.